किलबिलमधला बाळू

“आणि हा बाळू कितवीत आहे?”

हा प्रश्न मी विचारला तेव्हा माझ्या हातात सुतळी होती आणि समोर चाळिशी केव्हाच ओलांडलेला एक माणूस उभा होता. मिशीत पांढरे केस, उन्हानं रापलेला चेहरा, अंगात दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा शर्ट. जनवाड्याहून तो पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आला होता. गठ्ठा बांधता बांधता गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलायची माझी जुनी खोड. पत्रिकेच्या तळाशी, किलबिलमध्ये, सोनू, आदर्श, श्रावणी आणि बाळू अशी चार नावं मीच बसवली होती. त्यातल्या धाकट्याची चौकशी केली, एवढंच.

“मीच की बाळू,” तो म्हणाला.

ज्यांच्या घरी अलीकडे लग्न झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. किलबिल म्हणजे ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ अशा लाडिक ओळीखाली घरातल्या पोराबाळांची नावं छापतात ती जागा. बाजूला दोन पोपट किंवा एक ससा असतो. आम्ही ससा छापला होता.

मला घाम फुटला. चारशे पत्रिका छापून झालेल्या. “चुकलंच बघा माझं,” मी म्हणालो, “चिठ्ठीत नावं एका ओळीत होती, मला वाटलं...”

“चुकलं कुठं? बरूबर हाय की. दर टायमाला तितंच असतंय माझं नाव. अण्णानंच लिहून दिलता.”

चिठ्ठी काढून बघितली. खरंच, त्याच्या थोरल्या भावानं, वैजिनाथअण्णांनी, स्वच्छ अक्षरात किलबिलखालीच लिहिलं होतं. म्हणजे चूक माझी नव्हती. तरी मला बरं वाटलं नाही. चूक आपली नसून बरं न वाटण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात दुर्मीळ आहे, म्हणून मी त्याला चहा सांगितला.

*

बीदरला जुन्या बस स्टँडच्या मागे माझा छापखाना आहे. छापखाना म्हणायचं, एवढंच. एक कॉम्प्युटर, एक लहान ऑफसेट मशीन, भिंतीला टांगलेले नमुने आणि प्रूफ वाचायला माझी बायको सुरेखा. कोरी रंगीत कार्डं हैदराबादहून येतात, मजकूर आम्ही घालतो. एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. वर श्री बसवेश्वर प्रसन्न किंवा ज्याचा जो देव असेल तो.

लोकांना वाटतं, पत्रिका म्हणजे लग्न कधी आणि कुठं ते सांगणारा कागद. ते दोन ओळींत होतं. बाकीची पत्रिका म्हणजे घराण्यात कोण कितव्या पायरीवर उभा आहे त्याचा नकाशा. सगळ्यात वर निमंत्रक. घरातले कर्ते, ते जोडीनंच येतात, सौ. अमुक व श्री तमुक. मग व्यवस्थापक, म्हणजे ज्यांना कामं करायची आहेत पण मान थोडा कमी. मग मामा, मावश्या, आत्या. शेवटी किलबिल. आपलं नाव कुठल्या ओळीत, केवढ्या अक्षरात, हे बघायला माणसं आरशात बघत नाहीत इतक्या बारकाईनं बघतात. एक मामा तर पट्टी घेऊन आले होते. दुसऱ्या मामांचं नाव त्यांच्यापेक्षा एक सूतभर लांब भरलं होतं. ‘दुसऱ्या मामांचं नावच मल्लिकार्जुन आहे, तुमचं शिवा आहे, त्याला मी काय करू,’ हे मी त्यांना सांगितलं, पण ते पटून गेले असं वाटत नाही.

आणि एकदा एक म्हाताऱ्या अक्का आल्या होत्या. मुलाच्या लग्नाची पत्रिका माझ्यापुढं धरून म्हणाल्या, “मला वाचाय येत न्हाई बाबा. मी कुटं हाय ह्याच्यात, दाव.” पत्रिकेत ‘सौ. व श्री शरणप्पा’ असं होतं. मी ‘सौ.’वर बोट ठेवलं. अक्कांनी माझ्या बोटाजवळ डोळे नेऊन बघितलं. “एवढीच?” म्हणाल्या. मी हसून “तेवढीच” म्हणालो. हजरजबाबीपणाबद्दल दोन दिवस स्वतःवर खूश होतो. आता आठवलं की ते बोट कुठं ठेवावं कळत नाही.

दुसऱ्याला हसायचा मला तसा हक्क नाही. माझ्या घरी माझी ओळख ‘इंजिनियर व्हायचा राहिला तो’ अशी आहे. चोपन्न वर्षांचा झालो, दोन मुली नोकरीला लागल्या, तरी पाहुण्यात गेलो की माझे काका अशीच ओळख करून देतात. आणि खोटं कशाला बोलू, नव्या माणसाची ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला मीच म्हणतो, “तसा माझा इंजिनियरिंगला नंबर लागला होता.” घरच्यांनी एकदा आपल्याला एका ओळीत बसवलं की पुढं आपणच आपल्याला तिथं छापत राहतो.

*

तर चहा आला आणि बाळू स्टुलाच्या कडेवर बसला. पुरता बसलाच नाही, कुणी उठ म्हटलं तर उठायला सोपं जावं असा बसला.

“तुमचं लग्न...” मी सुरुवात केली.

“ऱ्हायलं,” तो म्हणाला. “बापाचा, अप्पाचा, लकव्यानं एक हात-पाय गेलता. अण्णा तवा शिकायलता, कलबुर्गीला. रान बघाय कोणी पायजे का न्हाई? मग दोन अक्कांची लग्नं. मग अण्णाचं. माझ्यापातूर यीस्तोर पोरीवाले म्हणाय लागले, शेती करणाऱ्याला देत न्हाई.” चहाचा घोट घेऊन तो हसला. “आता कोणी इचारतबी न्हाई. न्हाई, इचारतेत. ह्या पत्रिका वाटाय गेलो की दर दारात इचारतेत, तुझं कवा?”

“मग काय सांगता?”

“ह्याच्या फुडचं, म्हणतो. हसतेत. मीबी हसतो.” मग काहीतरी आठवून म्हणाला, “पर मी दिलेली पत्रिका धरत न्हाईत, मालक. दारात गेलो की म्हणतेत, घरचं मोठं कोणी आलं न्हाई व्हय? मग अण्णा आन् वैनी मागून जाऊन कुंकू लावून येतेत. तवा ते आवतन होतंय. मी म्हंजी पोष्ट.”

“आणि आहेर? तुम्हाला काय करतात?”

“टावेल. जोडीला धोतर-लुगडं, मला टावेल. किलबिलला चाकलेट मिळतंय, मला टावेल मिळतोय, म्हंजी मी जरा वरच की.”

हे सगळं तो रडगाणं म्हणून सांगत नव्हता, हे तुम्हाला सांगायला हवं. तो मला आमच्या भागाचे नियम समजावून सांगत होता. लगीन न झालेला माणूस लेकरू, लेकराला मत नसतं, लेकराला विचारायचं नसतं. पाऊस कधी पडतो ते सांगावं तसं. वर ज्या पुतणीचं लग्न होतं, पल्लवीचं, तिला दहावीपर्यंत रोज सायकलवर शाळेत सोडायला हाच जायचा, हेही त्यानं असंच सांगितलं, सायकलची चेन कितीदा पडायची ते सांगताना.

तो उठला तेव्हा मी रजिस्टर उघडलं. “गठ्ठा कुणी नेला ते लिहावं लागतं. पूर्ण नाव सांगा.”

असं काही लिहावं लागत नाही.

त्याला आठवायला वेळ लागला. “बसवलिंग,” तो म्हणाला. “बसवलिंग गुरप्पा बिरादार. शाळा सोडल्यापास्नं ह्या नावानं कोणी हाक मारलं न्हाई.” मग दारातून वळून म्हणाला, “अण्णा म्हणलाय, आणखी शंभर लागतील. मंगळवारी येतो.”

*

पुढचं जे मी केलं त्याला त्या वेळी मी चांगुलपणा समजत होतो.

सुरेखा तेव्हा माहेरी हुमनाबादला गेली होती. ती असती तर प्रूफ तिच्या हातून गेलं असतं आणि हा लेख झाला नसता. मी एकटाच होतो. कॉम्प्युटरसमोर बसलो, किलबिलमधून ‘बाळू’ काढला, सशाला थोडं सरकवून ती जागा भरली आणि वर निमंत्रकांत, ‘सौ. महादेवी व श्री वैजिनाथ गुरप्पा बिरादार’ यांच्या खाली, त्याच मापाच्या अक्षरात एक ओळ वाढवली: श्री बसवलिंग गुरप्पा बिरादार. कन्नड बाजूलाही तसंच केलं. शंभर प्रती छापल्या. मंगळवारी तो आला तेव्हा त्या अशा बांधल्या की वरून फक्त गणपती दिसावा. सांगितलं काहीच नाही. म्हटलं, वाटताना कुठंतरी बघेल, दारातलं माणूस बघेल, ‘अरे, हे तुझं नाव’ म्हणेल. माझ्या डोळ्यांपुढं फार छान दिसत होतं ते.

दहाव्या दिवशी दुपारी वैजिनाथअण्णा दुकानात आले. मागं बाळू. अण्णांनी दोन पत्रिका काउंटरवर आपटल्या आणि मराठीत सुरू केलं, राग चढला तसे कन्नडवर गेले, शेवटी “क्या तमाशा लगा रखे मियाँ तुम” असं हैदराबादी वळण घेऊन परत मराठीत आले. मला समजलं ते असं.

नवऱ्या मुलाचे मामा मन्नाएखेळ्ळीला राहतात, हायवेला त्यांचं दुकान आहे. त्यांना पहिल्या चारशेतली एक पत्रिका व्याह्यांच्या घरून आली, कलबुर्गीहून. दुसरी, नव्या शंभरातली, बाळूनं हातात दिली. मामांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. एकीत निमंत्रक एकच भाऊ, दुसरीत दोन.

हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, मलाही लागायला नको होतं. तीस वर्षं मी हेच छापतोय. एका घरात, एका चुलीवर असलेल्या बिनलग्नाच्या भावाचं नाव निमंत्रकांत वेगळं येत नाही. ते एकाएकी आलं, तेही थोड्याच पत्रिकांत, तर त्याचा अर्थ एकच: भाऊ फुटले. रान मोजून झालं. दोघांनी दोन पत्रिका छापल्या. मामांनी लगेच कलबुर्गीला फोन लावला आणि संध्याकाळी व्याह्यांचा फोन जनवाड्याला आला, की घरात वाटणीचं भांडण चालू असेल तर लग्न पुढं ढकलू, ते मिटू द्या, मग बघू.

“लग्नाला बारा दिवस ऱ्हायलेत,” अण्णा म्हणाले. आता आवाज खाली आला होता आणि तो जास्त वाईट वाटत होता. “पोरगी कालपास्नं जेवली न्हाई. कोणी सांगितलं तुमाला हे छापाय? ह्यानं?” ते मागं वळले. “तू सांगितलास?”

इथं मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. “म्हणजे झालं असं की,” इथपर्यंत आलो होतो.

“व्हय,” बाळू म्हणाला. “मी सांगितलो.”

अण्णांना ते कळलंच नाही. मलाही नाही.

“काय म्हणलास?”

“मीच सांगितलो छापाय. मालकाची चूक न्हाई.”

“कामून?”

बाळू मशीनकडं बघत होता. “एकदा बघावं वाटलं, अण्णा. कसं दिसतंय ते.”

अण्णांनी टोपी काढली, काउंटरवर ठेवली, परत उचलली. “मला म्हणायचं की रे.”

“काय म्हणू?”

अण्णांनी दुसरी पत्रिका उचलली आणि बोट लावून वाचली. “बसवलिंग,” ते मोठ्यानं म्हणाले, एखाद्या परक्या माणसाचं नाव वाचावं तसं. मग माझ्याकडं बघितलं. “घरच्या मोठ्याला न इचारता छापलाव कसं तुमी?”

“चुकलं,” मी म्हणालो. ते खरं होतं, फक्त अण्णा समजत होते ती चूक ही नव्हती.

परत छापायची सोय नव्हती. तिसरी पत्रिका निघाली असती तर तिसरी अफवा निघाली असती. अण्णांनी दोन्ही पत्रिका घडी करून खिशात घातल्या. मग भावाकडं नीट बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच, आणि बघता बघता त्यांची नजर शर्टवर थांबली. तो शर्ट अण्णांचाच जुना होता. आता मला त्याचं माप कुठलं ते कळलं.

“चल,” ते म्हणाले. “मामाकडं जाऊ, मग तसंच कलबुर्गीला. दोघंबी. एकत्र बघतील तवा इस्वास ठेवतील.” दारापर्यंत गेले आणि थांबले. “ह्या कपड्यावर नको.”

शेजारी रेडिमेडचं दुकान आहे. काचेतून मला दोघं दिसत होते. दुकानदार बाळूच्या खांद्याला टेप लावत होता आणि बाळू दोन्ही हात लांब करून, पोलिसानं झडती घ्यावी तसा उभा होता.

*

लग्न ठरल्या दिवशी झालं. मला आणि माहेरहून परतलेल्या सुरेखाला आवतन द्यायला दोघे भाऊ आले होते.

मांडवात अण्णांनी बाळूला एक मिनिट सोडलं नाही. समोरच्या रांगेत मन्नाएखेळ्ळीचे मामा हाताची घडी घालून बसले होते, फुटलेले भाऊ ओळखण्यात आपण कच्चे नाही अशा चेहऱ्यानं. म्हणून अण्णा जिथं, तिथं बाळू. व्याह्यांच्या भेटीला दोघं, स्वामीजींच्या पाया पडायला दोघं, पुढच्या सोफ्यावर दोघं. डोक्याला फेटा. कुणी “पाणी” म्हटलं की बाळू अर्धा उठायचा आणि अण्णा दुसरीकडं बघत बघतच त्याची बाही धरून खाली ओढायचे. मी मोजलं, सात वेळा. आहेराच्या वेळी माइकवरून “बसवलिंग काका, बसवलिंग काका, वर या” असं पुकारलं, तर तो मान वळवून मागं बघायला लागला, हा कोण बसवलिंग आहे म्हणून. पल्लवी स्टेजवरून हसली आणि मग पदर डोळ्याला लावला. त्याला शाल आणि धोतर केलं. टॉवेल नव्हता.

जेवणाच्या वेळी मात्र तो निसटलाच. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली घेऊन आमच्या पंगतीत आला, फेट्यासकट.

“घ्या मालक, गरम हाय.”

“बसवलिंगराव, कसं वाटायलंय?”

“मान अवघडलीय,” तो म्हणाला. “लई जड असतंय हे.” माझ्या पानात दोन पळ्या वाढून पुढं सरकला.

परतीच्या बसमध्ये मी फार आनंदात होतो. सुरेखाला सगळी हकीकत आधीच सांगितली होती, तरी परत सांगितली. म्हटलं, बघितलंस? एका ओळीनं माणूस किलबिलमधून सोफ्यावर आला. आणि मुख्य म्हणजे तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी बोलला, ‘मी सांगितलो’ असं.

सुरेखा खिडकीबाहेर बघत होती. “स्वतःसाठी कुठं बोलला?” ती म्हणाली. “तुमी तोंड उघडून गप बसलाव, म्हणून तुमची चूक त्यानं अंगावर घेतली. जन्मभर बापाचं घेतलं, भावाचं घेतलं, आता छापखानेवाल्याचं बी घेतलं. त्याला सवयच हाय ती. उद्या सकाळच्या बसनं जनवाड्याला जावा आन् अण्णाला खरं काय ते सांगून या.”

“अगं, पण मग त्याचं बोलणं खोटं पडेल. जे मिळालं तेही जाईल त्याचं.”

“पडू द्या की खोटं,” ती म्हणाली. “मामाला दाखवायचं न्हाई, व्याह्याला दाखवायचं न्हाई, आन् खरं कळूनबी अण्णा त्याला शेजारी बसवून घेत असंल, तर ती जागा त्याची. न्हाईतर ती बी तुमीच छापलेली.”